हुतात्मा, विंडो सीट आणि चार पुस्तकं

शुक्रवारी संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, तर हिंजवडीतून साडेतीनलाच लॅपटॉप मिटावा लागतो. टीम लीडला काय सांगायचं, याची माझ्याकडे आता छान लिस्टच तयार आहे. पण गेल्या दोन महिन्यांत मी चार वेळा गेले, कारण कारण खरंच होतं. कुर्डुवाडीला घरी जमीन विकायची चाललीय आणि ती विकायला मीच सांगितलंय.

झालं असं, की पुण्यात टूबीएचके पाहून ठेवला. लोन मंजूर होतंय, पण डाउन पेमेंटला बारा लाख कमी पडतायत. फोनवर अण्णांना सहज म्हटलं, ‘ती दोन एकर काढली तर?’ पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘बघू.’ आमच्याकडे ‘बघू’चे दहा अर्थ होतात. त्यातला हा कुठला, ते मला कळलं नाही. मी पण विचारलं नाही.

कुर्डुवाडीपर्यंत तीन तासांच्या आत-बाहेर वेळ जातो. दौंडनंतर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे रील्सचा टाइमपास बंद. म्हणून पुस्तकं घेतली. दोन कादंबऱ्या अप्पा बळवंत चौकातून, दोन मांगा ऑफिसमधल्या एका कलीगकडून. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, हे तुम्हाला सांगायला नकोच. मला मात्र परवापर्यंत ते फक्त मारामारीचं प्रकरण वाटायचं. चारही संपली. आता सांगते.

पांडुरंग आणि माझा ईएमआय

पहिल्या शुक्रवारी ‘कोसला’. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, १९६३ साली आलेली कादंबरी. कॉलेजात असताना ती वाचल्याचं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे चाळीस पानांवर सोडली होती. (तुमच्यापैकीही अर्ध्यांनी सोडलीय, मला माहितीये.)

या वेळी मात्र पांडुरंग सांगवीकर एकदम ओळखीचा निघाला. खानदेशातल्या सांगवीतून तो पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, मेस आणि मित्रांच्या भानगडीत वडिलांचे पैसे उडवतो आणि नापास होऊन गावाकडे परततो. पूर्वी मला तो बंडखोर हिरो वाटायचा. आता मी वडिलांच्या बाजूने वाचत होते. पोरगं पुण्यात काय करतंय, हे न कळता पैसे पाठवणारा माणूस! धाकट्या मनीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा भिगवण गेलं होतं. समोरच्या काकूंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

तक्रार? आहे. डायरीचा भाग मला लांबलेलाच वाटला. आणि पांडुरंग सगळ्या जगावर बोलतो, पण वडिलांशी धड बोलत नाही. मग वाटलं, बाई, तू तरी कुठे बोलतेस? पैसे उडवणं आणि डाउन पेमेंट भरणं यात फरक आहे, हे मी स्वतःला कुर्डुवाडी येईपर्यंत समजावत होते.

चुकीच्या गाडीत बसलेला माणूस

दुसऱ्या शुक्रवारी ‘अ डिस्टंट नेबरहूड’. जिरो तानिगुची या चित्रकाराचा मांगा, १९९८मध्ये जपानी मासिकातून यायला लागला. तानिगुची २०१७ साली वारला. गोष्ट अशी : अठ्ठेचाळीस वर्षांचा एक नोकरदार, आदल्या रात्रीची उतरलेली नाही अशा अवस्थेत, क्योटोच्या स्टेशनवर टोकियोऐवजी भलत्याच गाडीत बसतो. गाडी त्याला त्याच्या जन्मगावी, कुरायोशीला नेते. तिथे आईच्या थडग्यापाशी तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तेव्हा चौदा वर्षांचा असतो. साल १९६३. हो, ‘कोसला’चंच साल! मी सीटवर उडालेच.

शरीर चौदाचं, डोकं अठ्ठेचाळीसचं. अभ्यासात पहिला नंबर, वर्गातली सुंदर मुलगी पण बोलायला लागते. एवढ्यावर धमाल कॉमेडी झाली असती. पण त्याला एक गोष्ट माहीत असते : याच उन्हाळ्याच्या शेवटी आपले वडील काही न सांगता घर सोडून जाणार आहेत. टेलरिंगचं दुकान चालवणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. पोरगा ठरवतो, या वेळी थांबवायचंच. थांबवता आलं का, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की शेवटची गाठ स्टेशनवर पडते आणि पोराच्या लक्षात येतं, वडिलांना काय हवं होतं हे घरातल्या कुणी विचारलेलंच नव्हतं.

चित्रं इतकी निवांत आहेत, की पानं उलटायची घाई होत नाही. कौलं, गल्ली, रिकामा प्लॅटफॉर्म. गाडी कुर्डुवाडीला थांबली आणि मी उतरून तिथेच दोन मिनिटं उभी राहिले. हे स्टेशन एकेकाळी ‘बार्शी रोड’ होतं. इथून १८९७मध्ये एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर आणि लातूर दोन्हीकडचे रूळ ब्रॉडगेज झाले आणि छोटी गाडी गेली. गावातलं रेल्वे वर्कशॉप राहिलं. अण्णा त्याच वर्कशॉपमधून रिटायर झाले. तिथे ते नक्की काय करायचे? ‘फिटर’ एवढा एक शब्द सोडून मला काहीच सांगता येत नव्हतं.

या पुस्तकावर माझा एकच राग आहे. नवरा निघून गेल्यावर दोन पोरांना घेऊन राहिलेली आई. तिला मांगाकारानेही फार काही विचारलेलं नाही. ती वाट बघते, कष्ट करते, मरून जाते. तिची बाजू सांगायला कुणी चुकीच्या गाडीत बसत नाही!

मेंढरं बरोबर लिहिलीत

तिसऱ्या वेळी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ सालची. छोटीशी, एका प्रवासात संपणारी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नवा तरुण मास्तर येतो. आधी कुणी दाद देत नाही, मग कारभारी, रामोशी, मेंढपाळ एकेक करून त्याचे होतात, सगळे मिळून तालीम बांधतात. आणि मग पाऊस पडत नाही. वाडी उठते. ज्याला फक्त वाचनाचा आनंद हवाय, त्याने चौघांतलं हेच आधी घ्यावं. एक वाक्य जास्तीचं नाही.

पुस्तक मी कॉटवर टाकलं होतं. रविवारी उठले तर अण्णा चष्मा लावून शेवटच्या पानांवर.

‘कसं हाय?’ मी विचारलं.

‘मेंढरं बरोबर लिहिलीत,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःहूनच, ‘बाहत्तरच्या दुष्काळात मी धा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची वाटीभर. अजून चव हाय तोंडात.’

तीस वर्षांची होत आले. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

उलटं छापलंय का गं?

चौथी ‘सिल्व्हर स्पून’. हिरोमू अराकावा या बाईंचा मांगा, २०११ ते २०१९, एकूण पंधरा भाग. बाई स्वतः होक्काइदोमधल्या डेअरी फार्मवर वाढलेल्या आणि ते पानोपानी कळतं. सप्पोरो शहरातला हाचिकेन नावाचा मुलगा मार्कांच्या शर्यतीला आणि कडक वडिलांना कंटाळून, होस्टेल मिळतं एवढ्याच कारणाने शेतकी शाळेत जातो. पहाटे उठून शेण काढणं, कोंबडी कापणं, चीज करणं. एका डुकराच्या पिल्लाला तो जीव लावतो, त्याचं नाव एका जपानी मटणभातावरून ठेवतो, पुढे ते कत्तलखान्यात जाणार हे माहीत असूनही. मग उन्हाळ्यात कमावलेल्या पैशांतून त्याचंच मांस विकत घेतो. मी व्हेजिटेरियन नाही, पण तो भाग वाचून दोन दिवस ऑफिसच्या कँटीनमध्ये डाळभातावर होते.

खरा घाव पुढे आहे. कोमाबा नावाच्या मित्राच्या घरचं फार्म कर्जात बुडतं. गाई जातात, पोरगा शाळा सोडतो. आणि मिकागे, शेताची एकुलती वारस, तिला घोड्यांचं काम करायचंय, पण ‘मला हे फार्म नको’ हे घरच्यांपुढे म्हणायला तिची जीभ उचलत नाही. तिचं ते वाक्य घशात अडकणं मी ओळखलं. फक्त माझं उलटं होतं. मी ‘नको’ फोनवर, चहा पिता पिता म्हणून मोकळी झाले होते.

शेवटचे काही भाग घाईत उरकल्यासारखे आहेत, हे खरं. पण अण्णांनी पहिला भाग हातात घेतला तेव्हा मी तक्रार विसरले. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. अण्णांनी शेवटून उघडलं, दोन पानं बघितली आणि म्हणाले, ‘उलटं छापलंय का गं?’

मी कसं वाचायचं ते दाखवलं. इंग्रजी त्यांना येत नाही. नुसती चित्रं बघत राहिले. ‘कास बरोबर काढलीय,’ असा एक शेरा. मी मुद्दाम पुढचा भाग काढून दिला, कोमाबाचा गोठा रिकामा होतो तो. अण्णा त्या पानावर बराच वेळ थांबले.

‘ह्येचं कर्ज लई झालं व्हय?’

एक शब्द न वाचता त्यांना गोष्ट कळली होती.

गिऱ्हाईक रविवारी येणार होतं

त्याच दिवशी अकराला जमिनीचं गिऱ्हाईक इसार घेऊन येणार होतं. माझ्या डोक्यात चार पुस्तकांची भेळ झालेली. शेत कुर्डुवाडीपासून आठ किलोमीटरवर. सकाळी अण्णांच्या मागे स्कूटरवर बसून गेले. बांधावर उभी राहिले आणि मनाशी तयार केलेलं बोलले : ‘अण्णा, माझ्यासाठी नका विकू. मी छोटा फ्लॅट घेते. तुमचा जीव आहे या जमिनीत.’

अण्णा हसायला लागले.

‘कुणी सांगितलं जीव हाय म्हणून? बोअर आटून सहा वर्षं झाली. गुडघं गेलं माझं. मी दहा वर्षांमागंच काढणार हुतो. तुझ्या नावावर काहीतरी ऱ्हावं म्हणून ठिवली.’

म्हणजे बघा! मी समजत होते ते माझ्यासाठी विकतायत, आणि ते इतकी वर्षं माझ्यासाठी ठेवत होते. दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं. तानिगुचीने एवढी पानं काढली ती याच्यावरच की.

‘मग तुम्हाला काय हवंय?’ मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी जरा वेळ घेतला. ‘दार्जिलिंगची छोटी गाडी हाय न्हवं, दोन फुटी रुळांवरची. जन्मभर अडीच फुटीची चाकं बसवली. तिची बघायची हायत. बसायचं पण हाय.’ आणि लगेच व्यवहारावर आले, ‘पैसं निम्मं तुला, निम्मं आमचं. सगळं न्हाई मिळायचं.’

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, ‘झालं दोघांचं ठरवून? मला इचारलं का कुणी?’

मी तानिगुचीवर रागावले होते ना, ते आठवून कान गरम झाले. ‘सांग ना आई.’

‘जमीन जाऊ द्या. जर्सी जायची न्हाई. डेअरीचा पैसा माझ्या खात्यावर येतो. त्यो माझा हाय. कडबा इकत आणू.’

गिऱ्हाईक आलं, चहा झाला, इसार झाला. जमीन गेली, गाय राहिली. टूबीएचकेचा नाद मी सोडलाय. त्याच बिल्डिंगमध्ये वनबीएचके बघतेय, पार्किंगच्या बाजूचा. गॅलरीतून कॉलनीची पाण्याची टाकी दिसते, फार भारी नाही. दार्जिलिंगचं तिकीट मात्र तिघांचं काढायचंय. आई म्हणते, गाईचं बघायला कुणीतरी मिळालं तरच.

सोमवारी सकाळच्या हुतात्माला अण्णा सोडायला आले. कलीगची पुस्तकं परत द्यायची म्हणून मी सगळी बॅगेत भरली होती. गाडी हलायच्या आधी ते खिडकीशी आले.

‘त्या गाईवाल्या पोराचा पुढचा भाग आण. त्या दोस्ताचं काय झालं ते बघायचंय.’