संगणकातील तारीख आणि आपला हिशेब

व्यापारात रकमेवरून होतात त्यापेक्षा जास्त वाद तारखेवरून होतात. माल कधी पोचला, मुदत कोणत्या दिवसापासून धरायची, बिल मार्चमध्ये पडले की एप्रिलमध्ये, यावर देणे-घेणे ठरते. पूर्वी ही तारीख मुनीमजी हाताने लिहीत. आता ती संगणक लिहितो. आमच्या चिंचपाड्यात काय आणि नवापूरच्या बाजारात काय, घरातलाच एखादा शिकलेला मुलगा दुकानासाठी लहानसा प्रोग्राम लिहून देतो. ही चांगली गोष्ट आहे. पैसे वाचतात आणि मुलाचा हात बसतो. पण तारखेच्या बाबतीत अशा प्रोग्रामांत काही ठरावीक चुका होतात, आणि त्या मालकाच्या आधी सीएच्या लक्षात येतात. व्यापारी बांधवांना प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालेल. मुलाला काय विचारायचे ते कळले पाहिजे.

हा मुलगा बहुधा जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहितो. ब्रेंडन आईक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत सुमारे दहा दिवसांत तयार केली. घाईत तारखेची सगळी व्यवस्था जावा या दुसऱ्या भाषेतून जशीच्या तशी उचलली गेली. जावाने पुढे आपली व्यवस्था सुधारली. जावास्क्रिप्टमध्ये मात्र त्या खोडी तशाच राहिल्या.

मुख्य खोड समजून घ्यावी. या भाषेला ‘तारीख’ माहीतच नाही. तिला माहीत आहे ‘क्षण’. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचला मध्यरात्र झाली, तेव्हापासून किती मिलिसेकंद गेले एवढा एकच आकडा ती सांभाळते. ग्रीनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे आहोत. आता १ एप्रिलचे बिल घ्या. वेळ घातली नाही तर अनेक प्रोग्राम आपल्याकडची रात्री बाराची वेळ धरतात. १ एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा ग्रीनिचला ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. प्रोग्रामने ग्रीनिचची वेळ लिहून ठेवली आणि त्यातला तारखेचा तुकडा तेवढा कापून घेतला, की बिल ३१ मार्चचे होते. महिना बदलला, आर्थिक वर्ष बदलले, जीएसटीचे विवरण बदलले.

आम्ही एका दुकानात हे प्रत्यक्ष पाहिले. छापील बिलावर तारीख बरोबर, पण महिन्याच्या यादीत प्रत्येक बिल एक दिवस मागे. कित्येक महिने कोणाला पत्ता नव्हता, कारण १२ तारखेचे बिल ११ ला दिसले तर कोण बघतो? महिन्याच्या पहिल्या तारखेची बिले मोजली तेव्हा उलगडा झाला.

एक दिवसाची किंमत किती, ते कपड्याच्या धंद्यातच पाहू. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. यात २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराची भर घातली. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे ठरले, की मुदत चुकवून पुढच्या वर्षी दिलेली रक्कम त्या पुढच्याच वर्षाच्या खर्चात धरायची. आता मालेगावच्या एखाद्या मागवाल्याचा माल १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आला असे समजा, ४५ दिवसांचा करार आहे. ते वर्ष लीपचे, फेब्रुवारी २९ दिवसांचा. मुदत बरोबर ३१ मार्चला संपते. तोच माल १६ फेब्रुवारीला आला असता तर मुदत १ एप्रिलला संपली असती. पैसे १ एप्रिलला दिले, तर पहिल्या मालाचा खर्च त्या वर्षी मिळत नाही, दुसऱ्याचा मिळतो. संगणकाने तारीख एक दिवस इकडेतिकडे केली तर एवढा फरक पडतो.

मागवाल्या बांधवांनी हे आपल्या बाजूनेही पाहावे. माल कोणत्या दिवशी स्वीकारला याची सही चलनावर घेतली नाही, तर मुदत मोजायची कोठून? ज्याची उद्यम नोंदणी नाही त्याला या कायद्याचा आधार मिळत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या दुकानदारांना नोंदणी असूनही हा लाभ नाही, तो उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांना आहे. आमचे तर मत असे, की मजुरी वेळेवर देण्याची ताकीद आपल्या दीनने दिलेली असताना ४५ व्या दिवसाची वाट पाहत बसणे शोभत नाही.

बाकीच्या खोडी लहान आहेत, पण त्रास देतात. जावास्क्रिप्टमध्ये दिवस १ पासून मोजतात आणि महिने ० पासून! एप्रिलसाठी ४ लिहिले तर मे होतो. ०३/०४ असे लिहिले तर आपण ३ एप्रिल वाचतो, संगणक अमेरिकन पद्धतीने ४ मार्च वाचतो. १३ तारखेपासून पुढे तो अडखळतो, पण पहिल्या बारा तारखा गुपचूप उलटतात. शिवाय ‘एक महिन्याची उधारी’ आहे. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवायला सांगितले तर उत्तर २ मार्च येते, कारण ३१ फेब्रुवारी नसल्याने तो पुढे ढकलतो. २०२५ साली तेच उत्तर ३ मार्च होते. म्हणून मुदत दिवसांत ठरवावी, महिन्यांत नको.

सुरतेहून माल आणणाऱ्यांसाठी ई-वे बिलाची मध्यरात्रही महत्त्वाची. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवसाची मुदत आहे, आणि हा पहिला दिवस बिल बनवले त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. १४ तारखेला रात्री ११.५८ ला बिल बनवले तर जेमतेम चोवीस तास मिळतात. त्याच १४ तारखेच्या सुरुवातीला, रात्री १२.०४ ला बनवले असते तर जवळजवळ अठ्ठेचाळीस तास मिळाले असते. ग्रीनिचची मध्यरात्र धरणाऱ्या प्रोग्रामला हे कसे कळणार? त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो.

उर्दू शाळेत आम्हाला ‘तारीख’ हा शब्द दोन अर्थांनी शिकवला, दिवसही आणि इतिहासही. संगणकाला दोन्ही लागतात. वेळेच्या पट्ट्याचे नाव प्रोग्राममध्ये ‘एशिया/कोलकाता’ असे घालावे लागते, मुंबई नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली, पण मुंबई शहर कित्येक वर्षे ३९ मिनिटे मागे असलेल्या आपल्याच ‘बॉम्बे टाईम’ला धरून होते.

जकातीचा हिशेब ठेवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. दर ३१ मार्चला जकात काढणाऱ्याची सुमारे ३३ वर्षांत एक पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. इंग्रजी वर्षावर काढायचीच असेल तर अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५७७ टक्के धरण्याचा हिशेब आहे. मसला आपल्या आलिमांना विचारावा. जावास्क्रिप्ट हिजरी तारीखही देते, पण ती गणिताने काढलेली असते. तिच्यातील ‘उम्म-अल-कुरा’ पद्धत सौदी अरेबियाची आहे आणि आपल्याकडचा चाँद बहुधा एक दिवस नंतर दिसतो. अंदाजापुरती ती घ्यावी. रमजान आणि ईद हिलाल कमिटीच्या ऐलानावरच.

आमच्या आदिवासी गिऱ्हाइकांचा वायदा तर कोणत्याच आकड्यात बसत नाही. ‘होळीला देतो’ म्हणजे २०२४ साली २४ मार्च आणि २०२५ साली १३ मार्च. प्रोग्राममध्ये यासाठी वेगळा रकाना ठेवून ‘होळी’ असे अक्षरांतच लिहावे आणि तारीख दरवर्षी पंचांग पाहून भरावी.

मुलाला सांगायचे ते एवढेच. बिलाची तारीख ‘क्षण’ म्हणून साठवू नको. वर्ष, महिना, दिवस अशी साध्या अक्षरांत साठव. वेळ हवी असेल तर निराळ्या रकान्यात. २०२५ साली फायरफॉक्समध्ये ‘टेम्पोरल’ नावाची नवी व्यवस्था आली आहे, तिच्यात नुसती तारीख ठेवण्याची सोय आहे. तो शिकणारा असेल तर ती शिकावी. पैसे देण्याआधी स्वतः समोर बसून १ एप्रिल, २९ फेब्रुवारी आणि ३१ जानेवारी या तारखांची खोटी बिले बनवून पाहावीत, आणि एक बिल रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी बनवून सकाळी यादीत कोणत्या तारखेला पडले ते पाहावे. जुनी वही निदान एक मार्चअखेर होईपर्यंत बंद करू नये.