खापरपणजोबांचे गाव कोणते?

मित्रांनो, तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यांच्या वडिलांचे? आणि त्यांच्याही वडिलांचे? आता अशी कल्पना करा की हे पूर्वज साता समुद्रांपलीकडच्या एखाद्या खेड्यातून आले, त्यांची भाषा आज घरात कोणालाच येत नाही आणि वाटेत त्यांचे आडनावही बदलून गेले. अशा माणसाचा माग काढायचा तरी कसा?

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या संख्येने लोकांना पडतो. तेथील २०२० सालच्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी लोकांनी आपले मूळ जर्मन असल्याची नोंद केली. १६८३ साली क्रेफेल्ड गावाकडील तेरा कुटुंबे फिलाडेल्फियाला उतरली, तेव्हापासून हा ओघ सुरू झाला. १८२० नंतरच्या शंभर वर्षांत पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत गेले. कोणाची शेती वाटण्या होऊन होऊन तुकड्यांवर आली होती, कोणाला पीक बुडाल्यामुळे उपासमार सोसावी लागत होती, तर कोणी १८४८ ची क्रांती फसल्यावर जीव वाचवून निघाले होते.

समजा, मिलवॉकी शहरातील एका मुलीचे आडनाव स्मिथ आहे. आडनाव तर शुद्ध इंग्रजी! पण तिचे आजोबा सांगतात, "आपण मूळचे जर्मन." हे खरे की नुसती घरातली गोष्ट? चला, आपणही तिच्याबरोबर शोधाला निघू.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

गणितात आपण ज्ञात राशींवरून अज्ञात राशी काढतो. येथेही नियम तोच. प्रथम स्वतःपासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचे. एकदम दोनशे वर्षांपूर्वीचा कोणी प्रसिद्ध स्मिथ धरून त्याच्याशी नाते जोडायला गेलो, तर ते उत्तर आधी लिहून मग गणित करण्यासारखे होईल.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० पूर्वीच्या नोंदींत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांची नावे मात्र तेव्हाही लिहिली जात नसत. १८८० मध्ये आईवडिलांच्या जन्मस्थानांची भर पडली आणि १९०० मध्ये देशात आल्याचे वर्षही विचारले गेले. व्यक्तीची गुप्तता राखण्यासाठी हे कागद ७२ वर्षे बंद ठेवतात. म्हणूनच १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १८९० च्या नोंदींचे मात्र वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीमुळे अतोनात नुकसान झाले. त्यामुळे शोध घेणाऱ्याला १९०० वरून एकदम १८८० वर उडी घ्यावी लागते.

आडनावाचे सूत्र

श्मिट, स्मिड्ट, स्मिथ! नोंद करणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिले, तर एकाच कुटुंबाच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरतात. यावर अमेरिकेत १९१८ साली एक सुरेख युक्ती पेटंट झाली. तिचे नाव साउंडेक्स. आडनाव अक्षरांनी नव्हे, तर उच्चारांनी लावायचे, ही त्यातली कल्पना.

पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढील अक्षरांना अंक द्यायचे: बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ला ४, एम, एन यांना ५, आर ला ६. स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. लागून आलेल्या अक्षरांचा अंक एकच असेल तर तो एकदाच धरायचा. तीन अंक झाले की थांबायचे आणि कमी पडल्यास पुढे शून्ये लिहायची.

इंग्रजी लिपीत 'श्मिट' हे एस-सी-एच-एम-आय-डी-टी असे लिहितात. त्याचे सूत्र येते एस-५३०. 'स्मिथ'चेही एस-५३०! म्युलर आणि मिलर या दोघांचे एम-४६०. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे पूर्वज आयझेनहाउअर असे आडनाव लावीत. त्या दोन्ही आडनावांचे सूत्र ई-२५६.

पण ही युक्ती सर्वत्र चालत नाही. पियानो बनवणाऱ्या श्टाइनवेग कुटुंबाने आपले नाव 'स्टाइनवे' केले, तेव्हा शेवटचा 'जी' गेला आणि एस-३५२ चे एस-३५० झाले. कोणी झिमरमान आपल्या आडनावाचे सरळ भाषांतर करून कार्पेंटर, म्हणजे सुतार झाला, तर सूत्र काय करणार?

नावे बदलली तरी कोणी? एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी, असे अनेक कुटुंबांत सांगतात. पण तेथील अधिकारी जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरातच तयार केलेल्या यादीवरून नावे पडताळीत. बहुतेकांनी नावे नंतर स्वतःच बदलली. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, तेव्हा अनेक शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली आणि जर्मन आडनाव असणे शेजाऱ्यांच्या संशयाला पुरेसे ठरू लागले. त्या मुलीच्या घरातली भाषा हरवली, ती कदाचित अशी भीतीपोटी.

बंदर आणि गाव

पुढचा दुवा जहाजाचा. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या बहुतांशी शिल्लक आहेत आणि त्यांत प्रवाशाचे शेवटचे राहते गावही दिलेले असते. ब्रेमेनच्या याद्यांचे दैव आडवे आले! जागा नाही म्हणून जुन्या याद्या वेळोवेळी नष्ट केल्या गेल्या, उरलेल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या.

गाव कळणे का महत्त्वाचे? कारण १८७१ पूर्वी जर्मनी हा एकसंध देशच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, हेसे अशी वेगवेगळी राज्ये होती. जन्ममृत्यूची सरकारी नोंद साऱ्या जर्मन साम्राज्यात १८७६ पासून सुरू झाली. त्याआधीचा मुख्य आधार म्हणजे गावच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या. त्या कुर्रेंट नावाच्या वळणदार लिपीत असतात. तिच्यातील 'ई' हा 'एन' सारखा दिसतो, म्हणून जर्मन जाणणारेही अडखळतात.

तारखांचीही गंमत आहे. प्रॉटेस्टंट जर्मन राज्यांत १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च आला. अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत १७५२ साली २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून जुनी तारीख वाचताना ती कोणत्या पंचांगाची, हे आधी विचारावे लागते.

साखळी किती मजबूत?

समजा, प्रत्येक दुवा आपल्याला ९५ टक्के खात्रीचा वाटतो. एवढी खात्री पुष्कळ झाली, नाही का? पण आठ दुव्यांची सबंध साखळी खरी असण्याची शक्यता काढायची, तर ०.९५ ला स्वतःनेच आठ वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ०.६६. म्हणजे तीनात एकदा आपण परक्याच माणसाला खापरपणजोबा म्हणत असू! म्हणून जाणकार प्रत्येक दुव्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन पुरावे शोधतात.

आता डीएनएची तपासणीही मदतीला आली आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, तर पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून सर्व मुलांकडे. चुलत, मामे किंवा आतेभावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. मात्र डीएनए नाते दाखवतो. नाव किंवा गाव सांगत नाही. त्यासाठी वहीच उघडावी लागते.

त्याच वह्या, दुसरा उपयोग

याच चर्चच्या वह्यांचा एक भयंकर उपयोगही झाला. १९३३ नंतर नाझी राजवटीत सरकारी नोकरी टिकवण्यासाठी आपले पूर्वज 'आर्य' असल्याचे दाखले द्यावे लागत. आजीआजोबांपैकी कितीजण ज्यू, यावर माणसाचे नागरिकत्व आणि पुढे प्राणही अवलंबून राहिले.

या 'शुद्ध रक्ता'च्या कल्पनेला साधे गणितच उत्तर देते. आपले आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईवडील आठ. दहा पिढ्या मागे १,०२४ आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटींहून अधिक पूर्वज हवेत! पण तीस पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे आठशे वर्षांमागे, साऱ्या पृथ्वीवर तेवढी माणसेच नव्हती. याचा अर्थ, तेच ते पूर्वज आपल्या वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येतात आणि शेजाऱ्याच्या वृक्षातही तेच असतात.

त्या मिलवॉकीच्या मुलीला गाव सापडले, तर तिला एक घर मिळेल. पण ती आणखी मागे गेली, तर तिच्या वृक्षाच्या फांद्या इतरांच्या वृक्षांत गुंतलेल्या दिसतील.

करून पाहा : तुमचे आणि तुमच्या दहा मित्रांचे आडनाव इंग्रजीत लिहून त्यांची सूत्रे काढा. कोणाची सूत्रे जुळतात? आणि ज्यांची जुळतात, ती आडनावे खरोखरच सारखी आहेत का?