इशाऱ्याचा दिवा आणि त्यावरील बर्फ

चेन्नई येथे मरीना किनाऱ्याच्या दक्षिण टोकाजवळ लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे एक दीपगृह उभे आहे. ते १९७७ साली सुरू झाले. तत्पूर्वी या शहराच्या समुद्रदीपाचे स्थान तीनदा ठरले होते : १७९६ पासून सेंट जॉर्ज किल्ल्यातील एका इमारतीवर, १८४४ पासून ग्रॅनाइटच्या स्तंभावर आणि १८९४ पासून उच्च न्यायालयाच्या घुमटावर. खोबरेल तेलाच्या वातीपासून विजेपर्यंत दिव्याचे रूप पालटत गेले. दीपरक्षकाचे एक काम मात्र पालटले नाही. ते म्हणजे काच पुसणे. समुद्रावरून येणारा वारा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार काचेवर आणून टाकतो. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि ते मीठ हवेतील ओल शोषून घेऊन काचेवर धुरकट पापुद्रा धरते. आत दिवा कितीही प्रखर असो, बाहेरच्या खलाशास तो मंदच दिसणार.

हाच प्रश्न बर्फाळ प्रदेशांतील रस्त्यांवर अधिक बिकट रूपाने उभा राहतो. तेथे मिठाच्या जागी हिम असते, आणि दिवा स्थिर मनोऱ्यावर नसून धावत्या गाडीवर असतो. ही गाडी म्हणजे रस्त्यावरील बर्फ बाजूस सारणारी मालमोटार होय. तिच्या पुढच्या अंगास नांगराच्या फाळासारखे वळविलेले रुंद लोखंडी पाते बसविलेले असते. चेन्नईच्या वाचकाने बर्फ पाहिला असेल तो बहुधा सरबताच्या पेल्यात; परंतु आपल्याच देशात झोजी ला आणि ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड यांवरील रस्ते दरवर्षी बर्फाखाली गाडले जातात, आणि १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेची माणसे ते यंत्रांच्या साहाय्याने मोकळे करतात. कॅनडासारख्या देशात तर हे काम हिवाळाभर रात्रंदिवस चालते.

अशी गाडी संथ गतीने जाते. मागून येणारी वाहने पुष्कळदा तिच्याहून बरीच वेगवान असतात, आणि पात्याने उडविलेल्या हिमकणांचा पांढरा धुरळा मध्ये पसरलेला असतो. त्या धुरळ्यात गाडीचे अस्तित्व कळावे म्हणून तिच्यावर पिवळे झगझगते दिवे लावतात. कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतात ते निळे असतात. दिवा दिसला नाही तर मागच्या चालकास गाडी दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि निसरड्या रस्त्यावर त्या वेळी गतिरोधक दाबून फारसा उपयोग होत नाही.

आता हा बर्फ नेमका मागच्या दिव्यांवर का साचतो? वरून पडणारे हिम हे त्याचे एक कारण झाले, परंतु मुख्य कारण गाडीच्या गतीत आहे. गाडी पुढे सरकताना हवा दुभंगते व तिच्या चौकोनी पाठीमागे कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो. ही पोकळी भरून काढण्यासाठी बाजूंची हवा भोवऱ्यासारखी आत वळते आणि स्वतःबरोबर हिमकण घेऊन येते. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एस.टी. गाडीची मागची काच वाचकांनी आठवावी. धुळीने ती जशी माखते, तसेच हे होय.

पूर्वीच्या दिव्यांना या संकटाची फारशी तमा नव्हती, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. तारेचा जुना दिवा हा प्रकाश देणारे यंत्र म्हणून अगदीच उधळा होता. त्याला पुरविलेल्या विजेतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जाई. ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने पुढे येई, काच तापवी आणि हिम वितळवी. एक हिशेब करून पाहू. काचेचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि तीवर १ सेंटिमीटर जाडीचा ताजा भुसभुशीत हिमाचा थर आहे असे समजू. हे हिम पाण्याच्या सुमारे एक-दशांश घनतेचे धरले तर त्याचे वजन १० ग्रॅम भरते. शून्य अंशावरील १ ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एकंदर ८०० कॅलरी. ५० वॅटचा दिवा दर सेकंदास सुमारे १२ कॅलरी देतो. त्यांतील केवळ चौथा हिस्सा काचेपर्यंत पोहोचला तरी साडेचार मिनिटांत काच मोकळी होते. शून्याखालील थंडी व वारा यांमुळे प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे उघड आहे.

त्याजागी एल.ई.डी. दिवे आले. तितकाच प्रकाश ते १० वॅटच्या आसपास देतात, टिकतातही पुष्कळ. त्यांच्यातही उष्णता निर्माण होते, नाही असे नाही. परंतु ती प्रकाशाबरोबर पुढे न येता चकतीच्या पाठीमागील धातूच्या पात्यांवाटे निघून जाते. पुढची काच थंडच राहते. ज्या उधळपट्टीवर आपण टीका करीत होतो, ती गुपचूप एक सेवाही बजावीत होती, हे तिला काढून टाकल्यावर कळले. चौकांतील वाहतूकदीपांनाही तोच अनुभव आला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००९ च्या एप्रिल महिन्यात हिमवादळात असा एक दीप बर्फाने झाकला गेला. समोरून येणाऱ्या वाहनाच्या चालकास तो दिसला नाही, आणि हिरवा दिवा पाहून वळणाऱ्या एका स्त्रीला त्या टकरीत प्राण गमवावे लागले.

तेव्हा उपाय काय? काचेत उष्णता देणारी बारीक तार बसवावी, हा सर्वांत सरळ मार्ग. तपमान शून्याजवळ आले की ती आपोआप तापते आणि एरवी बंद राहते, त्यामुळे विजेची बचत बरीचशी शिल्लक राहते. दुसरा उपाय हवेकडूनच काम करून घेण्याचा आहे. गाडीच्या मागील कडेवर वाकविलेले पत्रे बसवून वरून व बाजूंनी वाहणारा वारा दिव्यांच्या तोंडावरून वळविला की हिमकण तेथे ठरत नाहीत. दिवे शक्य तितके उंच लावल्यास त्यांवर धुरळा कमी येतो. पाणी न धरणारे लेप काचेवर देतात. परंतु ओल्या चिकट हिमापुढे त्यांच्यावर विसंबून राहणे आमच्या मते धाडसाचे आहे.

दिव्याची प्रखरता वाढविणे हा मात्र उपाय नव्हे. बर्फाच्या थराआडून तो पुरेसा दिसत नाहीच, आणि थर नसेल तेव्हा हवेतील हिमकणांवरून उलटून खुद्द चालकाचेच डोळे दिपवितो. नुसत्या उघडमीट करणाऱ्या दिव्यावरून मागच्या माणसास अंतराचा अंदाजही नीट येत नाही. म्हणून काही दिवे स्थिर ठेवणे इष्ट असते.

या सर्व योजना असूनही चालकाच्या आसनापाशी लांब दांड्याचा एक कुंचला ठेवलेला असतो. फेरीच्या टोकाला गाडी वळविण्यापूर्वी तो खाली उतरतो, मागे जातो, आणि एकेक काच झाडून पुन्हा वर चढतो.