स्विंग नाचातली ‘फॉलो’ आणि आपली फुगडी

विषयाचं नाव वाचून काही जणांनी मला आधीच विचारलं, की नाशकात स्विंग डान्सवर बोलून करणार काय? प्रश्न रास्त आहे. पण समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींनी तरी मंगळागौरीत फुगडी घातली असेल. ज्यांनी ती मनापासून घातलीय, त्यांना आजचा अर्धा विषय येतोच, फक्त त्याची परदेशी नावं माहीत नसतात. उरलेल्या अर्ध्या विषयासाठी आपण थोडं न्यूयॉर्कला जाऊ, आणि थोडा वेळ पेटीवाल्याच्या शेजारी बसू.

आधी तोंडओळख. स्विंग म्हणजे जॅझ संगीतावर जोडीनं करायचे नाच. त्यातला मुख्य लिंडी हॉप. तो १९२० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घडला. तिथे १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम नावाचं मोठं नाचघर उघडलं. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचू शकतील अशा जागा तेव्हाच्या अमेरिकेत फार थोड्या होत्या, त्यातली ही एक. जोडीतला एक ‘लीड’, दुसरी ‘फॉलो’. लीड सुचवतो: लांब जा, वळ, जवळ ये. फॉलो ते हातातून आणि अंगातून ऐकते. काहीही आधी बसवलेलं नसतं. गाणं सुरू होतं, समोरचा माणूस कदाचित पहिल्यांदाच भेटलेला असतो, आणि तीन मिनिटं दोघं मिळून नाच रचत जातात. परंपरेनं लीड पुरुष आणि फॉलो बाई. आता पुष्कळ ठिकाणी कोणीही कुठलीही बाजू शिकतं. मी बोलण्याच्या सोयीसाठी फॉलोला ‘ती’ म्हणणार आहे.

‘फॉलो’ला मराठीत काय म्हणायचं? ‘अनुयायी’ म्हटलं की निवडणूक आठवते. (हशा) मला जवळचा वाटतो तो आपल्या संगीतातला ‘साथ’ हा शब्द. त्याच्याकडे मी परत येईन.

हे संगीत आपल्याकडे पोचलं नव्हतं असं नाही बरं का. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवत होते. त्यांना ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, हे त्यातले. ते सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे. आणि सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, आपल्याच गोदावरीच्या काठचे! या सगळ्यातून १९५१ साली ‘अलबेला’ आला. भगवानदादा आणि गीता बाली यांचे नाच अजूनही लग्नाच्या वरातीत दिसतात. पण तो लीड-फॉलोचा नाच नव्हे. दोघं बहुतेक वेळ आपल्याकडे तोंड करून, शेजारी शेजारी, बसवलेल्या स्टेप करतात. तिथे कोणाला कोणाचं ऐकावं लागत नाही. स्विंगचा ठेका आपल्याकडे आला आणि घराघरांत रुळला, पण जोडीतलं संभाषण सिनेमातून आलं नाही. ते आपल्याकडे आधीपासून दुसरीकडे होतं.

ते होतं फुगडीत.

आठवून बघा. हातांची फुली करायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पावलं जोडलेली, दोघींचे चवडे जवळजवळ. कोपरं सरळ. आणि अंग मागे टाकायचं. फुगडी फिरते ती पायांच्या जोरावर, हे अर्धंच खरं. ती फिरते कारण दोघींनी आपापलं वजन एकमेकींच्या स्वाधीन केलेलं असतं. एकीनं घाबरून अंग ताठ उभं ठेवलं, तर दुसरीला मागे झुकताच येत नाही. एकीनं कोपरं वाकवली, तर दोघी एकमेकींवर आपटतात. आणि एकीनं पोत्यासारखं अंग सोडून दिलं, पाय हलवलेच नाहीत, तर दुसरी तिला ओढून ओढून दमते. म्हणजे वजन द्यायचं, पण पाय आपले आपणच चालवायचे.

आता यातली खरी गंमत. एक अंगानं भरलेल्या काकू आणि एक कॉलेजातली काडीसारखी पोर, यांची फुगडी जमते की नाही? जमते, आणि झकास जमते. काकू थोड्या कमी झुकतात, पोर जास्त झुकते आणि मोठ्या वर्तुळात फिरते. दोघींच्या वजनांचा तोल जिथे साधतो, त्या बिंदूभोवती फुगडी फिरते. तो बिंदू बरोबर मध्ये नसतो, काकूंच्या बाजूला सरकलेला असतो. हे गणित कोणी फळ्यावर शिकवत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत हातच ते शोधून काढतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तेव्हा वाटेत वारकऱ्यांच्या फुगड्या बघा. पुरुष पुरुषांशी घालतात, म्हातारे तरण्यांशी घालतात. घटकेपूर्वी ओळख नव्हती, तरी जमतं.

स्विंगवाले यालाच काउंटरबॅलन्स म्हणतात. लिंडी हॉपची मूळ चाल ‘स्विंगआउट’, आठ मात्रांची. दोघं जवळ येतात, एकमेकांभोवती गर्रकन फिरतात, मग लीड एक हात सोडतो आणि ती सरळ रेषेत बाहेर जाते, हाताची लांबी संपेपर्यंत. तिथे किंचित ताण येतो. त्या ताणातूनच पुढची चाल जन्मते. लहानपणी आपण काडेपेटीचा टेलिफोन करायचो. दोरा ताणलेला असेल तरच पलीकडचा आवाज यायचा, दोरा लोंबला की गप्प. जोडीतल्या हातांचं तसंच आहे. ती शेवटच्या मात्रेला थोडी मागे राहिली तर तिला सगळं ऐकू येतं. लीडनं बोलावण्याआधीच ती धावत आत आली, तर दोरा लोंबतो. आणि मग दोघंही अंदाजानं नाचतात.

यातून चांगल्या फॉलोचा दुसरा गुण येतो, तो म्हणजे थांबता येणं. हा मला सगळ्यांत अवघड वाटतो. आपण पेटीची साथ ऐकतो. आप्पा जळगावकर भीमसेन जोशींना, किशोरीताईंना साथ करायचे. तुळशीदास बोरकरांची साथही पुष्कळांनी प्रत्यक्ष ऐकली असेल. अशा साथीदाराला तान कुठे वळणार याचा चांगला अंदाज असतो. वर्षानुवर्षांची तालीम असते. पण तो अंदाज वाजवून टाकत नाही. आवाज तिकडे गेला, की त्याची बोटं जातात. मधे केसभर अंतर असतं, ऐकणाऱ्याला ते सावलीसारखं वाटतं. पेटी गळ्याच्या पुढे गेली तर गायकाला हवं ते वळण घेता येत नाही, त्याला पेटीच्या वळणावर जावं लागतं. साथीदारानं हुशारी दाखवली आणि गाणं बिघडलं, असं होतं.

फॉलोचंही हेच होतं, आणि गंमत अशी, की ते नवशिक्या मुलींपेक्षा वर्षभर शिकलेल्यांचं जास्त होतं. दहा चाली पाठ झाल्या, हात जरा उचलला गेला की ही वळलीच! लीडला वळवायचं नव्हतं, तो कपाळावरचा घाम पुसत होता. (हशा) जाणकार फॉलोला पुढच्या दोन-तीन शक्यता दिसत असतात आणि ती त्या तिन्ही उघड्या ठेवते. वजन नेमकं एका पायावर, पुढचं पाऊल मोकळं. आणि एकदा दिशा मिळाली, की काही वेगळं सांगितलं जाईपर्यंत ती त्याच दिशेनं, त्याच वेगानं जात राहते, मधेच विचारायला थांबत नाही.

मग तिचं स्वतःचं काय असतं? पहिली गोष्ट म्हणजे लय. स्विंगचा ठेका समजून घ्यायचा तर एका मात्रेचे तीन भाग कल्पा आणि मधला गिळून टाका. धाऽ-धा, धाऽ-धा. लांब-आखूड, लांब-आखूड. तो झोल तिच्या गुडघ्यांत आणि टाचांत असावा लागतो. लीड तिला दिशा देऊ शकतो, वेग देऊ शकतो. तिची पावलं तो टाकू शकत नाही. मी फॉलो बघताना एक साधी गोष्ट बघते. लीड मधेच चुकला, अडखळला, तर तिची लय चालू राहते का? राहिली तर तो तिच्या लयीवर परत चढू शकतो, जसा गायक तबल्याचा ठेका धरून समेवर येतो. त्या क्षणी कोण कोणाला नेतंय, सांगा बरं?

दुसरी गोष्ट, भर घालणं. सॅव्हॉयमधल्या आरंभीच्या नर्तकांत ट्विस्टमाउथ जॉर्ज नावाचा एक जण होता आणि त्याची जोडीदार ईडिथ मॅथ्यूज. तेव्हा स्विंगआउटच्या सुरुवातीला बाकीच्या बायका एक पाऊल मागे टाकायच्या. ही बाई तिथे कंबर आणि पावलं इकडून तिकडे वळवत, पीळ घेत पुढे यायला लागली. फ्रँकी मॅनिंग या थोर नर्तकानं ही आठवण सांगितली आहे. आज जगभर लिंडी हॉप शिकणाऱ्या फॉलोला हा पीळ पहिल्या काही महिन्यांत शिकवतात. तो कुठल्याही लीडनं सुचवलेला नव्हता. त्याच्या चालीत धक्का न लावता, त्याच आठ मात्रांत, तिनं स्वतःची जागा काढली.

आता मी जरा रागानं बोलते. १९३५ साली मॅनिंग यांनी सॅव्हॉयमधल्या एका स्पर्धेत जोडीदाराला आपल्या पाठीवरून पलटी देऊन तालावर जमिनीवर उतरवलं. लिंडी हॉपमधली ही पहिली हवेतली चाल मानतात. कल्पना त्यांची, वाद नाही. पण हवेत कोण होतं? फ्रीडा वॉशिंग्टन. तालावर उतरली तीच. १९४१ च्या ‘हेलझापॉपिन’ या सिनेमातला त्यांचा नाच आजही लोक थक्क होऊन बघतात, आणि त्यात मॅनिंगबरोबर कोण नाचतंय हे विचारलं तर दहातले नऊ गप्प बसतात. अ‍ॅन जॉन्सन. त्याच नाचातल्या नॉर्मा मिलर यांचं नाव टिकलं, कारण त्या जवळजवळ शंभर वर्षं जगल्या आणि स्वतः बोलत, लिहीत राहिल्या.

हे फक्त श्रेयापुरतं असतं तरी मी एवढं ताणलं नसतं. आपल्याकडे संगीतासाठी जोडीचा नाच बसवताना, किंवा साल्साच्या वर्गात, मुलीला पहिलं वाक्य काय ऐकवतात? ‘तू फक्त सैल सोड, तो नेईल.’ या वाक्यानं खांदे दुखावतात. खरोखरचे खांदे. हात सैल आणि डोक्यावर, समोरच्यानं बोटं घट्ट पकडलेली, आणि वळण जोरात. ते बळ दंडात थांबत नाही, सांध्यावर जातं. म्हणून चांगले शिक्षक बोटं नुसती आकड्यासारखी अडकवायला शिकवतात, अंगठ्यानं आवळायला नाही. कोपर आपल्या अंगापुढे ठेवायला शिकवतात, पाठीमागे जाऊ देत नाहीत. हात ओढला गेला आणि कोपर जागेवर राहिलं, तर ओढ अंगाला कळते आणि अंग हलतं. आणि ओढ नको असेल, तर बोटं सरळ केली की आकडा सुटतो. नाच तिथेच थांबतो. फॉलोला हे सुटणं पहिल्या दिवशी शिकवायला हवं, वळण दुसऱ्या दिवशी. हवेतल्या चालींबद्दल तर प्रश्नच नाही. आधी विचारून, दोघांनी मिळून सराव केल्याशिवाय कोणालाही उचलायचं नसतं. फुगडीत एकीनं ‘पुरे’ म्हटलं की दोघी थांबतात. तिथे कोणी म्हणत नाही की बाई, तुला फुगडी येत नाही.

प्रश्न घेऊ.

(प्रश्न: पुरुषांनीही फॉलो शिकावं का?)

शिकावंच. मी तर म्हणेन लीड होण्याआधी शिकावं. झटका देणाऱ्याला झटका केवढा होता हे कळत नाही, खाणाऱ्याला कळतं. महिनाभर फॉलो केलेल्या मुलाचा हात आपोआप हलका होतो. आणि ज्यांना यात कमीपणा वाटतो, त्यांनी वारीत जाऊन फुगडी घालून बघावी.

(प्रश्न: वर्ग लावणं शक्य नाही. घरी काही करता येईल?)

येईल. एक ओढणी घ्या. दोन टोकं दोघांनी धरा, दोन हातांचं अंतर. एकानं घरभर सावकाश चालायचं, ठेक्याचं एखादं जुनं गाणं लावून. दुसऱ्यानं डोळे मिटायचे. खुर्च्या आधी बाजूला करा! डोळे मिटलेल्यानं एवढंच सांभाळायचं, की ओढणी लोंबणार नाही आणि ओढलीही जाणार नाही. ओढणीनं सांगेपर्यंत हलायचं नाही, वेगळं काही सांगेपर्यंत थांबायचं नाही. पाय मात्र गाण्यावर. एका गाण्यानंतर बाजू बदला. सुरुवातीला ओढणी सारखी खाली येते, मग ती जरा कमी लोंबायला लागते. तसं झालं, की ओढणी बाजूला ठेवून तेच बोटं अडकवून करा.