काउंटरमागच्या हातांचा माग

शांघायमधल्या चांगल्या बारची एखादी यादी आज जपून ठेवा आणि वर्ष-दीड वर्षाने ती घेऊन बाहेर पडा. कितीतरी दारांवर कुलूप दिसेल, काहींच्या जागी नूडल्सचं किंवा कपड्यांचं दुकान आलेलं असेल. भाडं वाढतं, इमारत दुरुस्तीला निघते, परवान्याचे नियम बदलतात, शेजारी तक्रार करतात. जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या योंगकांग रोडचं उदाहरण तर सगळ्या शहराला माहीत आहे. २०१० नंतर या चिंचोळ्या रस्त्यावर एकाला एक खेटून बार उघडले. लोक ग्लास घेऊन फुटपाथवर उतरायचे आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यांवर, वर्षानुवर्षं राहणारी कुटुंबं झोपायचा प्रयत्न करायची. गोंगाट असह्य झाला तेव्हा खिडक्यांतून खालच्या गर्दीवर पाणी पडू लागलं. शेवटी २०१६ मध्ये हे बार बंद करण्यात आले. आता हा रस्ता कॉफीसाठी ओळखला जातो. त्या रहिवाशांची बाजू मला पूर्णपणे पटते. लोकांची झोप मोडणाऱ्या बारला मी चांगला बार म्हणणार नाही.

नोकरीच्या निमित्ताने या शहरात राहायला लागल्यापासून मी बारची नावं पाठ करणं सोडलं आणि शोधण्याची रीत शिकून घेतली. ती सांगण्यासारखी आहे.

पहिली पायरी फोनची. गुगलचे नकाशे चीनमध्ये भरवशाचे नाहीत. इथे लोक गाओदे वापरतात. खाण्यापिण्याच्या जागांसाठी सगळ्यांच्या हातात द्यानपिंग असतं. २००३ मध्ये शांघायमध्येच सुरू झालेल्या या अ‍ॅपवर गिऱ्हाइकं फोटो टाकतात आणि तारे देतात. मी ताऱ्यांकडे फारसं बघत नाही, फोटोंकडे बघतो, तेही अलीकडच्या आठवड्यांतले. निऑनच्या पाटीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचेच फोटो असतील तर ती जागा फोटो काढून घ्यायची. काउंटर, बाटल्यांची मांडणी आणि ग्लासातला बर्फ जवळून टिपलेला असेल, तर तिथे प्यायला येणारी माणसं बसतात. बारचं नाव चिनी अक्षरांत साठवून ठेवावं, टॅक्सीवाल्याला दाखवता येतं. पैसे वीचॅट किंवा अलीपेने द्यायचे; २०२३ पासून परदेशी कार्डही या दोन्हींना सहज जोडता येतं. टिप द्यायची पद्धत नाही, मोठ्या हॉटेलांत मात्र बिलात सर्व्हिस चार्ज लागतो. चांगल्या कॉकटेलला साधारण शंभर युआनच्या आसपास मोजावे लागतात.

दुसरी पायरी पत्त्याची. शांघायमध्ये रस्त्याच्या नावाबरोबर जवळचा आडवा रस्ता कुठला, हे सांगायची सवय आहे आणि ती फार उपयोगी पडते. जुन्या भागात मुख्य रस्त्याचा क्रमांक कित्येकदा घराचा नसून गल्लीचा असतो. त्या गल्लीत शिरल्यावर आतल्या घरांचे क्रमांक वेगळे. विटांच्या भिंती, बांबूवर वाळत घातलेले कपडे, कडेला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर, आणि मधेच एक बिनपाटीचं दार. अशा वेळी घाईने दार ढकलू नये, ते कुणाचं तरी घर असू शकतं. बारच्या दारापाशी खूण असते: लहानसा दिवा, पितळी मूठ, किंवा जिन्यावरून खाली येणारा दबका संगीताचा आवाज.

लपलेल्या दारांची हौस या शहराला चांगलीच आहे. फूशिंग मिडल रोडवर जपानी बारटेंडर शिंगो गोकान यांनी २०१४ मध्ये 'स्पीक लो' सुरू केला. रस्त्यावरून दिसतं ते बारच्या अवजारांचं छोटं दुकान: शेकर, मापं, लांब दांड्याचे चमचे. आत पुस्तकांची मांडणी सरकते आणि वर जाणारा जिना दिसतो. पुढे अशी दारं अनेकांनी केली. पण दार लपवणं सोपं आहे. दारापलीकडे काय चालतं, ते महत्त्वाचं.

तिसरी पायरी म्हणूनच काउंटरवर बसण्याची. टेबल रिकामं असलं तरी मी काउंटर मागतो, कारण सगळं काम तिथेच दिसतं. बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास येतो का, आणि तो अर्धा झाल्यावर न सांगता भरला जातो का? काउंटर कोरडा आहे का? व्हरमूथची उघडी बाटली फ्रिजमधून निघते की दिव्याखाली शोभेला ठेवली आहे? व्हरमूथ ही वाइनच, उघडी राहिली की उतरते. लिंबू आत्ता पिळलं जातंय की सकाळच्या बाटलीतला रस ओतला जातोय? एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

मग मी हायबॉल मागतो. व्हिस्की, सोडा आणि बर्फ, एवढंच. लपवायला जागा नसलेलं हे पेय आहे. ज्या बारमध्ये मी नेहमी जातो तिथला बारटेंडर आन्ह्वी प्रांतातून आलेला, तिशीतला. बर्फाची लादी तो फ्रीझरमधून काढतो आणि लगेच सुरी लावत नाही. सुरुवातीला लादीवर पांढरट धुकं असतं. काही मिनिटांत ते विरतं आणि आतून लादी काचेसारखी नितळ दिसू लागते. मगच तो करवतीसारख्या दातांची सुरी टेकवून मागून हलका ठोका देतो. गार गार लादीवर घाई केली तर ती वेडीवाकडी तडकते. कापलेला लांबट खडा ग्लासात जेमतेम मावेल असा तो तासून घेतो. खडा ग्लासात फिरवतो, काच गार होते, सुटलेलं पाणी ओतून टाकतो. व्हिस्की मापाने घालून पुन्हा ढवळतो. सोडा ओतताना बाटलीचं तोंड काचेच्या कडेशी धरतो. बर्फावर सोडा आपटला की बुडबुडे तिथेच मरतात. शेवटी चमचा तळाशी नेऊन खडा एकदाच उचलतो आणि सोडतो. संपलं. या सगळ्यात तो एक शब्द बोलत नाही आणि तेवढ्यात दारात आलेल्या दोघांना मानेने नमस्कारही करून होतो.

ही शिस्त जपानी बारमधून आली आणि शांघायने ती मनापासून आत्मसात केली. पण इथली तरुण मंडळी तेवढ्यावर थांबलेली नाहीत. शाओशिंगची तांदळाची पिवळी वाइन, शरद ऋतूत अख्ख्या शहरावर दरवळणारी ओस्मँथसची फुलं, सिचुआनची झिणझिणी मिरी, वेगवेगळे चहा हे सगळं आता ग्लासात उतरतं. ज्वारीपासून काढलेली बायच्यू तर अवघड सामग्री. माओताईत मद्यार्क ५३ टक्के असतो आणि तिचा उग्र वास फेणीसारखा ग्लासाच्या आधी पोचतो. तिला दाबून न टाकता, थोडक्या मापात बाकीच्या चवींबरोबर बसवणारा बारटेंडर भेटला की मी त्याचं नाव लक्षात ठेवतो.

वायतान, म्हणजे नदीकाठचा जुना बंड, इथले बार वेगळ्या कारणाने बघावेत. क्रमांक २ ही १९१० ची शांघाय क्लबची इमारत. तिथला लाँग बार ११० फुटांहून लांब. नदीकडच्या टोकाला बड्या कंपन्यांचे साहेब उभे राहत, नवखे मागच्या बाजूला, आणि चिनी माणसाला सभासदत्व नव्हतं. पुढे याच इमारतीत केंटकीचं चिकनही विकलं गेलं. आता ती वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलचा भाग आहे, बार पुन्हा बांधलाय आणि कुणीही कुठल्याही टोकाला बसतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिथून थोडं उत्तरेला पीस हॉटेल. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याच्या नावाने आहेत, त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूनने १९२९ मध्ये ते कॅथे हॉटेल म्हणून उघडलं. बगदादहून मुंबईत आलेल्या या घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर चीनला विकलेल्या अफूचाही पैसा होता. आपल्याकडे त्या पैशातून रुग्णालय आणि वाचनालय उभं राहिलं. ज्यांच्या देशात ती अफू उतरली त्यांच्या शहरात बसून हे आठवलं की मराठी माणसाला हॉटेलच्या देखण्या छताखाली दोन्ही बाजू एकदम दिसतात. इथल्या जॅझ बारमध्ये १९८० पासून ज्येष्ठ वादकांचा वाद्यवृंद वाजवतो आहे. पेयापेक्षा त्यांच्यासाठी जावं.

उंचावरच्या लाउंजबद्दल थोडक्यात. जिनमाओ टॉवरच्या ८७ व्या मजल्यावरचा 'क्लाउड नाइन' किंवा पूतोंगमधल्या रिट्झ-कार्ल्टनच्या ५८ व्या मजल्यावरची 'फ्लेअर'ची गच्ची, इथे पैसे देखाव्याचे असतात आणि देखावा त्या मोलाचा आहे. मात्र जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत इतक्या उंचीवर खिडकीबाहेर नुसता ढग असतो, आणि वायतानची रोषणाई रात्री दहानंतर मालवू लागते. अंधार पडता पडता जावं.

दोन सावधगिऱ्या. नानजिंग रोड आणि पीपल्स स्क्वेअरजवळ कुणी अनोळखी, गोड बोलून 'चला, चहा घेऊ' किंवा 'माझ्या ओळखीचा बार आहे' म्हणालं तर नम्रपणे नकार द्यावा. बिल हजारोंत येण्याचा तो जुना सापळा आहे. आणि मेट्रो साडेदहा-अकराच्या सुमारास थांबू लागते, शुक्रवारी-शनिवारी काही मार्गांवर उशिरापर्यंत चालते. परतीचा विचार आधी करून ठेवावा.

आता शेवटची आणि सगळ्यांत मोलाची पायरी. पेय आवडलं, गर्दी ओसरली की मी विचारतो, "तुमची सुट्टी असते तेव्हा तुम्ही कुठे बसता?" आन्ह्वीचा तो बारटेंडर पहिल्यांदा हसला होता. मग टिश्यूवर त्याने एक आडवा रस्ता, एक गल्ली आणि एका मुलीचं नाव लिहून दिलं. "तिच्या हातची डायकिरी घ्या. माझ्याकडून आलात म्हणून सांगा." तिथे गेलो तर तिनेही पुढचं नाव दिलं. कामानंतर ही मंडळी एकमेकांच्या काउंटरवर बसतात, एकमेकांचं काम चाखतात, कोण कुठली नोकरी सोडून कुठे गेला ते त्यांना ठाऊक असतं. बार बंद पडला तरी त्यातला कसबी माणूस दुसऱ्या गल्लीत काउंटरमागे उभा असतो, आणि तो कुठे आहे हे त्याचा मित्र सांगतो. बर्फ नितळ व्हायची वाट बघणारे हात भाड्याने वा परवान्याने संपत नाहीत.

म्हणून शांघायला निघालेल्या ओळखीच्या लोकांना मी बारची यादी पाठवत नाही. पहिल्या रात्री जवळच्या बऱ्याशा बारमध्ये जा, काउंटरवर बसा, साधं पेय मागा, हात नीट बघा. काम पसंत पडलं तर तसं तोंडभरून सांगा, आणि उठण्याआधी तो एक प्रश्न नक्की विचारा. दुसऱ्या रात्रीची सोय तिथेच होते.