टेबल करणाऱ्याचे टेबल

घरात फर्निचरचे काम काढले की पहिल्या दिवशी काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवत असेल. मिस्त्री येतो, अवजारांची पिशवी कोपऱ्यात ठेवतो, खोलीभर एक नजर फिरवतो आणि कपाटाचे नावही न काढता आधी दुसरेच काहीतरी ठोकू लागतो. चार तिरक्या पट्ट्या, वर एक आडवी. अशा दोन घोड्या तासाभरात उभ्या राहतात, त्यांवर प्लायवूडचा अख्खा तक्ता पडतो आणि झाले त्याचे टेबल! पुढचे पंधरा-वीस दिवस याच तक्त्यावर मापे पडतात, कापाकापी होते, सनमायका चिकटतो. दुपारचे डबेही यावरच उघडतात. शेवटच्या दिवशी घोड्या मोडल्या जातात आणि ओरखड्यांनी भरलेला तो तक्ता कपाटाच्या पाठीला किंवा पलंगाच्या पोटात गडप होतो. मालकाचे लाकूड वाया जाता कामा नये!

आपल्याला त्यात काटकसर दिसते, आणि ती आहेही. पण ज्या माणसाने आयुष्यात शेकडो टेबले केली, त्याच्यापाशी स्वतःचे असे एक टेबल नसते, ही गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. शिंप्याला मशीन असते, सोनाराला ऐरण असते, लोहाराला भाता असतो. आपल्या घरी येणारा सुतार मात्र दर कामाला आपले बूड नव्याने मांडतो आणि काम संपले की स्वतःच्या हाताने मोडतो.

तिसरा हात

लाकूडकामाला टेबल लागतेच कशाला? ते सामान ठेवायला लागते, असे आपल्याला वाटते. खरे कारण वेगळे आहे. रंधा मारायचा तर फळी सरकता कामा नये. पटाशीने खाच पाडायची तर तुकडा उडता कामा नये. अवजार धरायला दोन्ही हात हवेत, मग लाकूड कोणी धरायचे? सुतारी टेबल म्हणजे हा तिसरा हात. फळी आडवी निजवून, कडेवर उभी करून आणि टोकावर उभी करून, अशा तिन्ही परींनी जे टेबल तिला घट्ट धरते ते चांगले टेबल. बाकी कप्पे आणि पॉलिश ही केवळ हौस.

आपल्या सुताराने हा तिसरा हात शोधला तो स्वतःच्या पायात. जमिनीवर बसायचे, फळीचे एक टोक ओंडक्याला किंवा भिंतीला टेकवायचे आणि दुसरे पावलाखाली दाबायचे. छोटा तुकडा असेल तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमट्यात. शहरी माणसाला हे पाहून धडकी भरते, कारण पटाशीची धार त्या अंगठ्यापासून दोन-चार इंचांवर चालत असते.

पण याच तत्त्वाचे एक अवजार परवापरवापर्यंत आपल्या प्रत्येक घरात होते. ते म्हणजे विळी! पाय पाटावर दाबून धरला की विळी जागची हलत नाही आणि भाजी चिरायला दोन्ही हात मोकळे राहतात. आजीची विळी आणि सुताराची बैठक ही एकाच बुद्धीची लेकरे आहेत. जमीन फुकट असते, पक्की असते आणि कुठेही मिळते. बलुतेदारीच्या काळात नांगर, पाभर, मोट आणि गाडीची चाके घडवणाऱ्या गावच्या सुताराला झाडाची सावली आणि एक जाड ओंडका एवढ्यावर काम चालवता येत असे.

म्हणून खाली बसून केलेले काम मागासलेले, असे म्हणण्याचे कारण नाही. जपानी सुतारकामाचा जगभर लौकिक आहे. तिथेही पारंपरिक कारागीर उंच टेबलाऐवजी जमिनीलगत काम करतात. जाड तुळईचे एक टोक उंचावून तिच्यावर ते फळी ठेवतात आणि रंधा पुढे न ढकलता आपल्याकडे ओढतात. त्यांची करवतही ओढताना कापते. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत शिसवीचे कोरीव फर्निचर तयार होत असे. ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ या नावाने ते आजही संग्राहकांना ठाऊक आहे. युरोपीय घाटाच्या त्या खुर्च्या घडवल्या त्या पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर मांडी ठोकून काम करणाऱ्या कारागिरीने. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी खुर्च्या करायच्या आणि आपण खाली बसायचे, असा तो मामला होता.

मांडीपासून कमरेपर्यंत

युरोपातला सुतार तरी पहिल्यापासून उभा होता काय? तसेही नाही. जर्मनीत साल्बुर्ग येथे रोमन सैन्याचा एक किल्ला होता. तिथल्या विहिरीत सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे एक सुतारी बाकडे सापडले. बुटके, गुडघ्याएवढ्या उंचीचे, जाड फळीला तिरके पाय ठोकलेले. कारागीर त्याच्यावर चक्क बसायचा, गुडघा टेकायचा, लाकूड मांडीखाली दाबायचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या एका भित्तिचित्रात असेच बाकडे होते आणि त्यावर फळी जखडून दोन छोटे देवदूत करवत चालवत होते. फळी जखडायला एक लोखंडी आकडा होता. त्याची दांडी बाकड्याच्या भोकात सोडायची, वाकडे टोक फळीवर टेकवायचे आणि डोक्यावर एक ठोका द्यायचा. दांडी भोकात तिरपी अडकते आणि फळी पक्की बसते. सोडवायची झाली तर मागून एक टिचकी पुरे. ना आटे, ना मळसूत्र. दोन हजार वर्षांत या आकड्यात सुधारणा करायला फारशी जागा निघालेली नाही!

पुढे बाकडे उंच होत गेले आणि सुतार उभा राहिला. फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रूबो या सुताराच्या घरात जन्मलेल्या सुताराने १७६९ ते १७७५ या काळात आपल्या धंद्यावर एक प्रचंड सचित्र ग्रंथ लिहिला आणि तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केला. हातात रंधा धरणाऱ्याने स्वतःच्या कामाबद्दल इतके तपशीलवार लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. रूबोने सांगितलेले टेबल म्हणजे पाच-सहा इंच जाडीची एकसंध फळी, तिच्यात आरपार बसवलेले चार दणकट पाय, आणि पाय फळीच्या कडेशी अगदी सपाट. कारण उभी फळी टेबलाला टेकली तर पायालाही टेकली पाहिजे. इंग्लंडमध्ये पीटर निकल्सनने १८१२ साली गरिबाला परवडेल असे टेबल चित्रासह दिले. साध्या फळ्यांचे, पण पुढे रुंद झालर असलेले. झालरीला भोके, भोकात खुंटी घालायची आणि लांब फळीचे टोक तिच्यावर टेकवायचे. मध्य युरोपात लाकडी मळसूत्राचे शेगडे लावलेली टेबले रूढ झाली. शेगडा म्हणजे कारखान्यात ज्याला आपण व्हाइस म्हणतो तो.

स्वप्नातले टेबल

यंत्रे आल्यावर ही टेबले मागे पडली. त्यांना पुन्हा उजेडात आणले ते हौशी मंडळींनी. अमेरिकेत स्कॉट लँडिस यांनी १९८७ मध्ये केवळ सुतारी टेबलांवर एक पुस्तक लिहिले. २००७ मध्ये ख्रिस्तोफर श्वार्झ यांचे पुस्तक आले आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या रूबोच्या टेबलाने तिकडच्या हौशी सुतारांना अक्षरशः वेड लावले. दीडशे किलो वजनाचे, हत्तीसारखे, रंध्याच्या जोराने तसूभरही न हलणारे टेबल, हे त्यांचे स्वप्न!

हे वेड आपल्याकडेही थोडेफार पोहोचले आहे. पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर लाकूडकाम शिकणारी मंडळी भेटतात. त्यांचे आजचे टेबल आणि उद्याचे टेबल यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आजचे टेबल म्हणजे कधी बाद झालेला जेवणाचा टेबल, कधी शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर टाकलेली फळी, कधी जुन्या दाराची फळी आणि खाली दोन घोड्या. रंधा मारला की सारा डोलारा रंध्याबरोबर पुढे निघतो. मग एक पाय भिंतीला टेकवा, खाली विटा ठेवा, मुलाला वर बसवा! उद्याचे टेबल मात्र कागदावर पक्के रेखाटलेले असते. लाकूड कोणते, यावर खल चालतो. सागाला ऊन-पावसाची पर्वा नसते, पण भाव ऐकून हात आखडतो. बाभूळ जड आणि चिवट. ती गाडीच्या चाकाला चालते, तर टेबलाला का नको? वाडा पाडला की निघणारी जुनी तुळई सर्वांत उत्तम, कारण शंभर वर्षे वाळलेले लाकूड आता कुठे वाकणार? पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये असली चौकशी करणारे गिऱ्हाईक नवे राहिलेले नाही. मग प्रश्न येतात फ्लॅटचे. दीडशे किलो लिफ्टमध्ये जाईल का? बाल्कनी हवी तेवढी लांब आहे का? आणि खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील?

या धंद्यात एक गंमत आहे. चांगले टेबल करायला चांगले टेबल लागते आणि ते नसते म्हणून तर करायचे असते. म्हणून प्रत्येक चांगले टेबल कुठल्या तरी डगमगत्या टेबलावर जन्माला येते. आणि ते तयार होऊन सहा महिने झाले की मालकाला त्याच्यातले दोष दिसू लागतात: शेगडा उजवीकडे हवा होता, उंची दोन इंच कमी हवी होती. स्वप्न पुन्हा एक पाऊल पुढे सरकते.

उंचीचा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे. ताठ उभे राहा, हात बाजूला सैल सोडा. रंधा मारायला टेबल मनगटाच्या किंवा त्याहून किंचित खालच्या पातळीला हवे, म्हणजे खांद्याऐवजी सगळ्या अंगाचा भार रंध्यावर पडतो. बारीक सांधे कापायला मात्र ते कोपराच्या जवळ हवे, म्हणजे मान वाकत नाही. याचा अर्थ असा, की सुतारी टेबल सर्वांना सारखे नसते. चपलेसारखे ते त्याच माणसाच्या मापाचे असते.

ओटा झाला, टेबल राहिले

इथे पुन्हा स्वयंपाकघराकडे वळू. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्या घरातली बाई चुलीपुढे उकिडवी बसून रांधत होती आणि विळीवर चिरत होती. मग ओटा आला, ती उभी राहिली. आज नवे घर घेताना ओट्याची उंची किती, यावर घरात चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. कंबर तिची आहे. तो ओटा बसला की त्याच्याखालच्या ट्रॉल्या करायला सुतार येतो आणि त्याच ओट्यासमोर फरशीवर बसून, गुडघे छातीशी घेऊन फळ्या कापतो. यंत्रे त्याच्याकडे आली आहेत. कटर आहे, विजेचा रंधा आहे, ड्रिल आहे. पण विजेच्या कटरने पावलाखालची फळी कापणे हे करवतीने कापण्यासारखे नव्हे. करवत थांबते. कटरचे पाते हात सोडल्यावरही क्षणभर फिरत असते. पायाच्या शेगड्याचे जुने शहाणपण हातकरवतीच्या वेगाला धरून होते, यंत्राच्या वेगाला नव्हे.

असे असताना तो स्वतःचे टेबल का करत नाही? कारण टेबल करायला लाकूड लागते, पण ठेवायला जागा लागते. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारा मुलगा शेगडा बसवलेल्या पक्क्या बेंचवर उभा राहून पहिला कुसू कापतो. शिकून बाहेर पडला आणि इमारतीच्या कामावर लागला की तो बेंच मागे राहतो. काम गिऱ्हाइकाच्या घरी, आज कोथरूडला, पुढच्या महिन्यात डोंबिवलीला. राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर तर अनेकदा जिथे काम तिथेच मुक्काम करतो. दीडशे किलोचे टेबल तो कुठे घेऊन फिरणार? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकामही आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. त्यात चांगली अवजारे येतील. पण टेबलाखालची आठ बाय चार फूट जमीन त्यात येत नाही.

म्हणून हौशी माणसाचे स्वप्न आणि सुताराचे स्वप्न वरून सारखे दिसले तरी आतून वेगळे आहे. हौशी माणसाला टेबल हवे असते. सुताराला टेबल हवे असते ते गाळ्यासकट. ज्याचे टेबल एका जागी उभे राहते, त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येते. त्याची धार लावलेली अवजारे रोज पिशवीत कोंबावी लागत नाहीत, दार बंद करून तो वेळेवर घरी जाऊ शकतो आणि मुलगा शेजारी उभा राहून धंदा शिकू शकतो. सुतारी टेबल म्हणजे, थोडक्यात, स्वतःच्या पायावर उभे राहणे. इथे तर शब्दशः!

गाळा देणे आपल्या हाती नाही. पण पुढच्या वेळी घरात काम काढाल तेव्हा एवढे जरूर करता येईल. कामाच्या यादीत मिस्त्रीच्या दोन दणकट घोड्या आणि एक जाड तक्ता आपण होऊन धरावा, आणि उंची त्यालाच विचारावी: “मिस्त्री, तुम्हाला किती उंच बरे पडेल?” खिडकीजवळची उजेडाची जागा त्याला द्यावी. काम संपल्यावर घोड्या मोडायला लावू नयेत. त्याला हव्या असतील तर घेऊन जाऊ द्याव्यात. खर्च म्हणाल तर एका कपाटाच्या हँडलांएवढा. पंधरा दिवस त्याची कंबर सरळ राहील, आणि सरळ कमरेने मारलेल्या रंध्याची फळी पुढची वीस वर्षे आपल्याच घरात राहणार आहे.