उताराचा धडा : नर्मदेच्या काठी

चढ चढताना धाप लागते आणि उतारावर पाय आपोआप पळू लागतात. उताराची ही ओळख मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते. परंतु उतार कोठे बदलतो आणि तो बदलल्याने काय घडते, हे केवळ शब्दांनी त्याला उमगत नाही. ते प्रत्यक्ष दाखवावे लागते. जबलपूरजवळील भेडाघाट येथे नर्मदा नदी हाच धडा देते.

नर्मदा अमरकंटक येथे समुद्रसपाटीपासून सुमारे १,०५० मीटर उंचीवर उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहून खंबायतच्या आखाताला मिळते. उंचीला अंतराने भागले असता दर किलोमीटरला सरासरी ८० सेंटिमीटर उतार येतो. इतका मंद उतार डोळ्यांना जाणवतही नाही. मग भेडाघाटचा धुवांधार धबधबा कसा निर्माण झाला? याचे कारण असे की, सरासरी ही हिशेबाची सोय आहे. प्रत्यक्षात उतार सर्वत्र सारखा नसतो. येथे रुंद पात्रातून येणारी नदी खडकावरून एकदम खाली कोसळते. उडणारे तुषार धुरासारखे दिसतात, म्हणून हा ‘धुवांधार’. पुढे संगमरवराच्या उंच कड्यांमध्ये तेच पाणी खोल आणि संथ होते व त्यावर नावा चालतात. पावसाळ्यात मात्र खालच्या पात्रातील पाणी इतके चढते की धबधबा जवळजवळ दिसेनासा होतो. खडकाचा उतार तोच राहतो, पण पुराचा जोर धोकादायक असल्याने नौकाविहार बंद ठेवला जातो.

मुलांना हे घरीही दाखविता येते. जाड पुठ्ठ्याला दोन ठिकाणी घडी घालून त्याचे तीन भाग करावेत : पहिला किंचित उतरता, दुसरा तीव्र उताराचा आणि तिसरा सपाट. वरून गोटी सोडावी. ती आधी सावकाश निघते, मग वेगाने धावते आणि शेवटी मंदावते. “गोटीची चाल कोठे बदलली?” असे विचारताच मूल घडीवर बोट ठेवते. उतार बदलण्याची जागा त्याला स्वतःलाच सापडलेली असते.

मुलांची एक चूक नेहमी होते. जास्त उंच म्हणजे जास्त तीव्र उतार, असे त्यांना वाटते. त्यासाठी एकाच विटेवर आधी आखूड आणि नंतर लांब फळी टेकवावी. उंची तीच असूनही लांब फळीचा उतार सौम्य होतो. म्हणूनच चाकाच्या खुर्चीसाठी रस्ता बांधताना १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी ठेवतात.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. उतार जेथे वाढतो तेथे सायकल आवरत नाही, शेतातील माती वाहून जाते आणि शांत वाटणारा ओढा पाय ओढून नेतो. ती जागा आधीच ओळखणारे मूल वेळीच सावध होते.